चौदावा बाजार

आत्याबाईंनी डावा हात मांडीवर उताणा ठेवला, अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला आणि म्हणाल्या, "बघू तरी, कुठल्या बाजारचा माल आहे."

आम्ही तिघंही हसलो. हे भिंतीला टेकून बांगड्यांच्या माळा सोडवत बसले होते, त्यांनी मान खाली घालून हसून घेतलं. मी आतल्या दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात माझ्या पोटावरून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तशा वाईट नव्हत्या. पण दर महिन्याला मी बाजूला बसले की त्या भाकरी थापताना परातीला जास्तच आवाज करायच्या. म्हणून त्या दिवशीचं हसणं मला फार गोड लागलं.

त्याच दुपारी आम्ही तालुक्याहून आलो होतो. दोन दिवस माझ्या पोटात दुखत होतं, तर आत्याबाईंनी स्वतः मला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीचं मशीन तिथं नवंच आलं होतं. डॉक्टरांनी पोटावर गार काहीतरी फिरवलं, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चौदा आठवडे झालेत. बाळ छान आहे." आत्याबाईंनी विचारलं, "महिने किती?" तोवर त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं होतं. "चौदा आठवडे, मावशी," एवढंच परत म्हणाले.

दुसऱ्या कुठल्या घरात एवढ्यावर विषय संपला असता. लोक पोटाचे महिने मोजतात. आत्याबाईही तोवर महिनेच मोजत होत्या. पण आठवडे म्हटलं की तो आमच्या घरचा प्रांत. आम्ही कासार. रोज एका गावचा बाजार, आणि मंगळवारचा कळंबीचा सगळ्यात मोठा. आमच्या घरात तारीख कुणाला येत नसे. सासरे कधी गेले, तर पंचमीच्या आधीच्या दुसऱ्या बाजारी. माझं लग्न कधी ठरलं, तर कळंबीला पाणी शिरलं त्या बाजारी. आत्याबाईंना सहा-सहा महिन्यांचे बाजार मागं मोजता यायचे, आणि प्रत्येक बाजाराची काहीतरी खूण त्यांच्या डोक्यात असायची. एसटीत बसल्यापासून त्या चौदा चौदा असं पुटपुटत होत्या. घरी येऊन चूळ भरली आणि लगेच मोजायला बसल्या.

"कालचा सोडून द्यायचा. त्याच्या मागचा, वाऱ्यानं दुकानाचं पाल उडालं तो. एक. त्याच्या मागचा, लग्नाच्या चुड्याचं मोठं गिऱ्हाईक आलं तो. दोन." असं करत पेरं पुढं सरकत होती. "भोगीचा बाजार, सहा." ह्यांनी मधेच दुरुस्ती केली, "भोगीला माझा ताप होता ना?" तर त्या म्हणाल्या, "ताप त्याच्या पुढच्याला. गप बस." आम्ही परत हसलो.

"दत्तजयंतीनंतरचा, दहा. अकरा. फिरोजाबादचा नवा माल मांडला तो, बारा. तेरा." इथं त्यांचा अंगठा जरा थांबला. "तेराव्याला मुकुंदनं पाल बांधलं होतं. एक बाजू ढिली राहिली." मग अंगठा पुढच्या पेरावर गेला. "चौदा," त्या म्हणाल्या, आणि चौदाव्याची खूण काही सांगितली नाही.

ह्यांच्या हातातली माळ तशीच राहिली.

आत्याबाईंनी परत पहिल्यापासून मोजलं. या वेळी मनातल्या मनात, नुसते ओठ हलवत. मला अजून काहीच कळलं नव्हतं. मी तांब्या घेऊन तशीच उभी, मूर्खासारखी, तोंडावर हसू.

"चौदाव्याला दिनकर फिरोजाबादला होता," त्या म्हणाल्या. रागानं नाही. माळेत एक बांगडी कमी भरली की म्हणायच्या तसं.

दिवाळी झाली की हे माल आणायला फिरोजाबादला जायचे. त्या वर्षी तीन मंगळवार गेले. भाऊबीज उरकून गेलेले, ते नव्या मालाच्या बाजाराआधी चार दिवस परत आले. त्या तीन बाजारांना पेट्या उचलायला आणि पाल बांधायला आमच्याकडं मुकुंद येत होता. मुकुंद माझा चुलतदीर. आंबवड्याला राहायचा, बाप नाही, घरात तो आणि त्याची आई मालनकाकू. बावीस वर्षांचा पोरगा, बोलताना अडखळायचा. "वहिनी" म्हणायला एवढा वेळ लावायचा की त्याचं पुरं व्हायच्या आत मी "काय रे" म्हणून मोकळी व्हायची.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्या बाजारी मी बाजूला होते. पहाटेच पाळी आली. तुम्ही भाकरी थापून गेला होतात, आठवा."

त्यांना आठवणारच होतं. त्यांना सगळं आठवायचं.

"होतीस," त्या म्हणाल्या. "बसली होतीस खरी." मग त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "बाजूला बसायला काय लागतं गं? कोपऱ्यात घोंगडं टाकलं की झालं. बघायला कोण येतंय?"

तांब्या माझ्या हातातून पडला नाही, एवढं मला आठवतंय. मी तो नीट खाली ठेवला. माझ्याकडं एकच पुरावा होता आणि तो त्यांनी उलटा करून माझ्याच अंगावर टाकला होता.

"मी म्हणत होते तिसरा लागलाय," आत्याबाई ह्यांना सांगत होत्या, जसं काही मी तिथं नव्हतेच. "मार्गशीर्षात चुकलं ते धरून मोजत होते. आणि पोटात आहेत साडेतीन. म्हणजे कार्तिकात बसली ते सोंग."

"कालिकामातेची शपथ," मी ह्यांना म्हटलं. "तुमच्याशिवाय कुणी माझ्या अंगाला हात लावलेला नाही."

"मशीन कुणाच्या शपथा घेत नाही," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून माझ्याशी इतक्या शांतपणे ते कधी बोलले नव्हते.

खरं सांगते, मला त्यांचा राग त्या दिवशी आला नाही. नंतर आला, आणि अजून आहे. त्या दिवशी मला मशीनचंच खरं वाटत होतं. शिकलेल्या डॉक्टरनं पडद्यावर बघून सांगितलेलं खोटं कसं असेल? मग मी स्वतःलाच तपासायला लागले. त्या तीन आठवड्यांतली एकेक रात्र आठवून बघितली. मला झोपेत काही झालं का? कुणी काही खायला घातलं का? माणूस किती खुळं होतं बघा, आपल्याच पोटातलं आपल्याला परकं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंबवड्याला गेले आणि दिवस मावळायच्या आत परत आले. उजव्या हाताची बोटं सुजली होती.

"काय म्हणाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही म्हणाला नाही."

"नाही म्हणाला?"

"नाही पण म्हणाला नाही. नुसता न, न करत राहिला. खरं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं."

न वर तर मुकुंद हमखास अडायचा. नमस्कार म्हणायचा झाला तरी आधी मान हलवून घ्यायचा.

"त्याला वेळ दिलात का तुम्ही?" मी विचारलं.

बाजार मोजल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "त्याची बाजू घेतेस," ते म्हणाले.

आता बोलेन त्याचा हाच अर्थ होणार होता.

शुक्रवारी त्यांनी मला माहेरी आणून सोडलं. आईवडील आधीच गेले होते, घरात माझा भाऊ अण्णा आणि वहिनी. हे उंबऱ्याच्या आत आले नाहीत. अण्णाला बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलले आणि आल्या पावली फिरले. त्या दोन वाक्यांतलं एक अण्णानं मला लगेच सांगितलं. "मोकळी होऊन ये म्हणालेत. मागचं काही विचारणार नाहीत."

मी आठ दिवस नाही म्हणत राहिले. मग वहिनी बोलायला लागली, शेजारणी बोलायला लागल्या. मधे एक दिवस अण्णा कुठंतरी जाऊन आला आणि आल्यावर अंघोळ करून घरात शिरला. मी विचारलं, तर म्हणाला, ओळखीतलं कुणी गेलं. त्यानंतर तो फारच मऊ बोलायला लागला. "शाले," तो म्हणायचा, "चार वर्षांनी एक राहिलं, पुढं आणखी राहील. घर एकदा गेलं तर परत नाही मिळायचं." त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या घरात दोन खोल्या आणि तीन पोरं. शेवटी मी हो म्हटलं. माझ्या बाजूनं बोलणारं कुणी असतं, अगदी एक माणूस, तरी म्हटलं नसतं.

शिमगा नुकताच झाला होता. मंगळवारचा दिवस. अण्णानं मला माहेरच्या तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत एका नर्सबाईंपुढं. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तुसडं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

मी पेरं मोजायला लागले. आत्याबाईंची सवय कधी माझ्या हातात आली, मलाच माहीत नाही. "सतरा बाजार झाले. मंगळवारीच होती."

"बाजार काय? तारीख सांग."

"तारीख नाही माहीत. सतरा आठवडे आज पुरे झाले."

"सतरा," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "मग बरोबर. दिवस तेवढेच भरलेत."

"कुणाचे दिवस?"

"पोटातल्याचे. आणि कुणाचे?"

"असं कसं बाई?" मी म्हटलं. "त्या दिवशी मी बाजूला होते. त्या दिवशी पोटात काही कसं असेल?"

तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. चष्मा काढून पदराला पुसला. मी इतकी खुळ्यासारखी बघत असेन की त्यांना माझी दया आली असावी. "अगं, पाळीच्या दिवसापासनंच धरतात. पहिले दोन आठवडे पोटात काही नसतंच. पण मोजायची रीत तशी आहे."

"सगळ्यांची?"

"कलेक्टरच्या बायकोची पण. राहिल्याचा दिवस हवा असेल तर दोन आठवडे कमी करायचे."

चौदातून दोन गेले. मी करंगळीपासून परत सुरुवात केली, बाराव्या पेरावर अंगठा ठेवला आणि तिथंच धरून बसले. बारावा म्हणजे नव्या मालाचा बाजार. त्या संध्याकाळी पाल आवरून घरी आल्यावर ह्यांनी स्वतःच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या काढल्या होत्या. मोरपंखी, सोनेरी ठिपक्यांच्या. विकायच्या मालात एकही तसली नव्हती. "तुझ्या हाताच्या मापाच्या शोधत दोन गल्ल्या फिरलो," ते म्हणाले होते. आत्याबाई देवळात गेल्या होत्या, आणि ह्यांनीच माझे हात मांडीवर घेऊन एकेक बांगडी चढवली होती.

मी उठले. नर्सबाई मागून म्हणाल्या, "अगं, निघालीस कुठं? डॉक्टर येतायत." मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

अण्णा बाकावरनं उठला. "झालं?"

"झालं नाही आणि होणारही नाही. आज मंगळवार आहे. कळंबीला चल."

त्याचा चेहरा उतरला. "आज नको."

"का?"

"नको. एवढंच. मी जाऊन बोलतो पुढं कधीतरी."

मी ऐकते कसली. मी स्टँडच्या दिशेनं चालायलाही लागले. अण्णा मुकाट्यानं मागं आला आणि एसटीत माझ्या मागच्या बाकावर बसला. तासाभराचा रस्ता. तो तास मी इतकी सुखात होते की आता आठवलं की माझीच मला कीव येते. आधी आत्याबाईंना सगळं उलगडून सांगायचं. मग ह्यांनी आंबवड्याला जाऊन मुकुंदची माफी मागायची, तोवर मी घरात पाऊल ठेवणार नाही. मग मी ठेवायचं. रात्री काय रांधायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

कळंबीत आमची जागा ठरलेली, पिंपळाच्या अलीकडं. लांबूनच पाल दिसलं, माळा दिसल्या. आत्याबाई पेटीजवळ बसून एका बाईच्या हातात बांगड्या भरत होत्या. हे मागं उभे. डोक्यावर पांढरी टोपी. हे कधी टोपी घालत नसत. जवळ गेले तर टोपीखाली केस नव्हते, नुसती बोटभरही नाही अशी खुरटी वाढ. मिशीही काढलेली.

पहिल्यांदा मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या तर समोर बसल्या होत्या. मग कोण गेलं? विचारायला तोंड उघडलं, पण तासभर घोकलेलंच बाहेर पडलं.

"आत्याबाई, डॉक्टर पाळीपासून मोजतात. पहिले दोन आठवडे पोटात काही नसतं तरी मोजतात. नर्सबाईंनी सांगितलं. सगळ्यांचंच तसं असतं. चौदातून दोन काढा."

त्यांनी हातातलं गिऱ्हाईक पुरं केलं. बांगड्या भरून झाल्या की बाया वाकून नमस्कार करतात, तसा त्या बाईनं केला आणि गेली. मग आत्याबाईंनी डावा हात मांडीवर उताणा ठेवला. आता त्यांना पहिल्यापासून मोजायची गरज नव्हती. अंगठा सरळ बाराव्या पेरावर गेला.

"नव्या मालाचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू कार्तिकात बसलीस ती खरीच बसलीस."

"हो, आत्याबाई."

"आणि मार्गशीर्षात चुकलं, ते मीच बरोबर मोजत होते." बाई हुशार होती. जे समजायला मला तीन आठवडे लागले ते तिला एका दमात समजलं. मला वाटलं, जिंकले.

हे हातभर अंतरावरून सगळं ऐकत होते. त्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि टांगलेल्या माळा उगाच सारख्या करायला लागले.

"कोण गेलं?" मी विचारलं.

अण्णा माझ्यामागं उभा होता. त्यानं माझा दंड धरला.

"मुकुंद," आत्याबाई म्हणाल्या. "तुला सोडून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. विहिरीत सापडला. त्याला ना बाप ना भाऊ, सगळं दिनकरनं केलं. मधले दोन बाजार आम्ही लावले नाहीत."

बांगड्या भरायला बायका बसतात त्या पाटावरच मी बसले. डोक्यात एकच फिरत होतं, त्याला शब्द सापडला नसेल. तेवढा एक शब्द.

"म्हणजे त्यानं काहीच केलं नव्हतं," मी म्हटलं.

"नाही."

"मग सांगा की सगळ्यांना. मला घरी न्या आणि सांगा."

आत्याबाई माझ्या कानाजवळ आल्या. बाजार भरात होता, शेजारी भांडीवाला ओरडत होता, त्या काय बोलल्या ते मला आणि अण्णालाच ऐकू आलं असेल. आणि ह्यांना.

"शालन, तुझं खरं धरलं तर मुकुंद कशानं मेला? आज लोक म्हणतात, केलं म्हणून तोंड लपवलं त्यानं. तुला मी घरात घेतली तर उद्या म्हणतील, दिनकरनं मारला. लोकांचं जाऊ दे. हा म्हणेल. हा रात्रभर ओसरीवर बसून असतो. अजून निदान त्याला वाटतंय की पोराचं काहीतरी चुकलं होतं. तेवढ्यावर तो जेवतोय."

"त्यांनी ऐकलंय आता."

"ऐकलं नाही त्यानं." त्यांनी ह्यांच्या पाठीकडं बघितलं. "ऐकलं नाही."

"आणि मी?"

"तू घट्ट आहेस," त्या म्हणाल्या.

मला ओरडायचं होतं. भर बाजारात पेटी उलथी करून सगळा काच फोडायचा होता. पण त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला होता आणि हिरव्या बांगड्या चढवायला सुरुवात केली होती. आमच्यात सून तीन-चार महिन्यांची झाली की सासूनं कुणाला न सांगता तिला हिरवी चोळी आणि हिरवा चुडा द्यायचा असतो. चोरचोळी म्हणतात त्याला. चोळी तिथं कुठली असणार. बांगड्या होत्या. त्यांची बोटं माझ्या हाडांवरून इतकी हलकी फिरली की एकही बांगडी वाढली नाही, म्हणजे फुटली नाही. माझे डोळे गळत होते आणि त्या मोजत होत्या.

"तेवीस बाजार राहिले," दुसरा हात भरून झाल्यावर त्या म्हणाल्या. "श्रावणात येईल. जपून राहा. इकडं येऊ नकोस."

मी वाकून नमस्कार केला, गिऱ्हाइकानं करायचा तोच. माझ्या पाठोपाठ दुसरी बाई पाटावर बसली. ह्यांनी वळून तिला विचारलं, "हिरव्या दाखवू का लाल?" आवाज अगदी नेहमीचा होता.

आत्याबाईंचा हिशोब एका दिवसानं चुकला. तेविसाव्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मला मुलगी झाली. अण्णानं कळंबीच्या बाजारात निरोप धाडला. कुणी आलं नाही. ह्यांचं दुसरं लग्न अक्षय्य तृतीयेलाच झालं होतं, ते मला नंतर कळलं. मी येईल त्याला चौदातून दोन कमी करून दाखवत होते. वहिनीला दाखवलं, सुईणीला दाखवलं, दळण टाकायला गेले तर गिरणीत दाखवलं. सगळे ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. माझा हिशोब कुणाला खोटा वाटत नव्हता, नुसता कुणाच्या कामाचा नव्हता.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, मालनकाकू आल्या. मुकुंदची आई. आंबवड्याहून दोन एसट्या बदलून आणि स्टँडपासून उन्हात चालत. पार वाळून गेल्या होत्या. उंबऱ्याबाहेरच टेकल्या. मी पाणी दिलं, ते हातात धरून बसल्या.

"मी तुला फार शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "विहिरीवर उभी राहून घातल्या. माझा पोरगा नासवला म्हणून."

पाळण्यात मुलगी कुरकुरत होती.

"मग म्हटलं, शिव्या घालून काय. दार उघडलं की घर खायला उठतं. कुणी हाक मारत नाही. तो मारायचा तर किती वेळ लागायचा, मी रागवायची, लवकर बोल की रे." त्यांनी पाणी खाली ठेवलं. "मला जरा बघू दे गं तिला."

मी मुलगी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिचं टोपरं मागं सारलं आणि बघतच राहिल्या. शेवटी एकाच घराण्याचं रक्त, मुकुंदचं आणि ह्यांचं. कपाळ तर त्या सगळ्यांचंच तसलं, रुंद आणि मधे किंचित खोलगट.

"हे बघ," काकू म्हणाल्या. बोटानं त्या कपाळाची कड चाचपत होत्या. "हे त्याचंच की. तो जन्मला तेव्हा अस्सा होता." मग त्यांनी कमरेची पिशवी काढली. आत चांदीचे वाळे होते, काळे पडलेले. "त्याचे आहेत. म्हटलं, काही का झालं असेना, मागं काहीतरी ठेवून गेला."

जगात एकाच माणसाचा त्या हिशोबावर हक्क होता आणि ते माणूस माझ्यापुढं बसलं होतं. मुकुंद निर्दोष होता, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. चौदातून दोन. माझा अंगठा करंगळीवर गेलाही होता. वहिनी आत खोलीत काम थांबवून ऐकत होती.

काकूंनी मान वर केली. "शालन, खरं सांग बाई. मला आता कशाची लाज नाही. मुकुंदचीच ना ही?"

"हो," मी म्हटलं. "त्याचीच."

त्यांनी वाळे तिच्या पायांत घातले. सैल होत होते, टाचेवरून निसटत होते. त्यांनी पदराचा दोरा काढून एकेक वाळा बांधला आणि म्हणाल्या, "राहू दे. होईल मोठी."